लग्नाशिवाय रंगवलेलं घर

आयुष्यात एकच घर मी माझ्या हातानं सजवलं, तेही विकण्यासाठी. सेनगावपासून जीपनं अर्ध्या तासावर असलेल्या आमच्या गावातलं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं घर. बाप गेल्यावर माझी माय तिथं एकटीच राहायची आणि मी पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरीला होतो.

एके सकाळी ती मोरीत घसरून पडली. शेजारणीनं आवाज ऐकून दार ढकललं म्हणून निभावलं. हाड मोडलं नव्हतं, पण फोन आला तेव्हा मी घाबरलो. माझ्याकडे चल, असं मी तिला कित्येक वर्षं म्हणत होतो. ती दर वेळी एकच विचारायची, "तिथं मला कोण वळखते?" या प्रश्नाचा मला राग यायचा. त्या रागातच मी ठरवलं की घरच विकून टाकायचं. घर नसलं की येईल मुकाट्यानं. घर माझ्या नावावर होतं. बापाच्या दिवसकार्यानंतर मी दाखवलं त्या कागदावर तिनं काही न विचारता अंगठा दिला होता. तेव्हा तिला विचारायची गरजच नाही, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती.

सेनगावच्या स्टँडजवळ घरं-प्लॉट विकून देणारा एक दलाल बसायचा. तो म्हणाला, "हे असं कळकट दाखवलं तर गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच वापस जाते. थोडं रंगवा, चमकवा. लई खर्च न्हाई लागत." मग मी मोबाइलवर तसले व्हिडिओ पाहत बसलो. कमी खर्चात घराची किंमत कशी वाढवावी, हे एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस हसत हसत सांगत होता. समोरचं दार रंगवा, उजेड वाढवा, गळका नळ बदला, दारात चार झाडं ठेवा. आठ दिवसांची रजा टाकून, रंगाचे डबे, पुट्टीची पिशवी आणि दोन नळ जीपच्या टपावर बांधून मी गावात उतरलो.

एवढा शहाणा मी, पण आपल्याच गावची रीत विसरलो. आमच्याकडे हौस म्हणून कोणी घर रंगवत नाही. लग्न ठरलं की रंग निघतो, आणि दाराशेजारी पेंटर ठसठशीत अक्षरांत 'मंगल परिणय' लिहून खाली नवरा-नवरीची नावं घालतो. लेकरं शाळेत जाऊ लागली तरी ती नावं भिंतीवर असतात. मी छत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा. डबे उतरवून घेताना शेजारीण मायकडे बघून हसली, माय पदर तोंडाला लावून आत गेली, आणि मला काहीच कळलं नाही.

मायनं मला एका शब्दानं विचारलं नाही. माझ्या दोन सोयरिकी जवळ येऊन मोडल्या होत्या. दोन्ही वेळा आपण आधीच गावभर बोललो म्हणून मोडल्या, असं तिनं मनाशी धरलं होतं. त्यामुळे या वेळी ती तोंड शिवून बसली आणि नुसती कामाला लागली.

आतल्या खोलीतली चूल काढू दे म्हणून मी पूर्वी किती वेळा भांडलो होतो. या वेळी मी शब्द काढला आणि तिनं स्वतः लोखंडी सब्बल आणून चूल फोडली. धुरानं काळी झालेली भिंत आम्ही दोघांनी घासली. फरशीवर ॲसिड टाकून मी वर्षानुवर्षांचा मळ काढला तेव्हा खालून निळसर रंग निघाला आणि ती लहान पोरीसारखी त्यावर अनवाणी फिरून आली. तेलाच्या रिकाम्या डब्यांना रंग देऊन त्यात तिनं सदाफुली लावली. पडल्यापासून तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. आता ती दोन खात होती. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ती एवढी खुशीत काहून आहे, हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

मागच्या भिंतीला ओल होती. तिच्यावर मी पुट्टीचे दोन हात मारले. उन्हाळाभर तरी कोणाला कळणार नव्हतं.

पाचव्या दिवशी सेनगावहून बल्ब घेऊन आलो, तर बाहेरच्या भिंतीपुरता लावलेल्या गावातल्या पेंटरनं दाराशेजारी हातभर रुंदीची चौकट कोरी ठेवलेली. मी म्हणालो, "हे काहून सोडलं?"

"मावशी म्हणल्या, नावं मागून सांगतो म्हणून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आत माय नव्या पिशवीतून एक साडी काढून शेजारणीला दाखवत होती. त्याच क्षणी आत जाऊन सांगायला हवं होतं. मी उंबऱ्यापर्यंत गेलोही. पण घर अर्धं रंगलं होतं, दलालानं गिऱ्हाईक तिथून तिसऱ्या दिवशी आणायचं ठरवलं होतं, आणि खरं कळलं तर ती कुठल्याही कामाला हात लावणार नाही, हे मला माहीत होतं. मी पेंटरला म्हणालो, "राहू दे तसंच." माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यांपैकी या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गिऱ्हाईक म्हणून वारंगा फाट्याकडचं एक जोडपं आलं. दलालानं त्यांना दारात सोडलं आणि फोनवर बोलत रस्त्याकडे गेला. आमच्याकडे लग्नाआधी मुलीकडचे घर पाहायला येतात. पाणी विचारतात, पत्रा गळतो का बघतात, मोरी बघतात. या दोघांनीही तेच विचारलं. मायनं डोक्यावर पदर घेतला आणि एखाद्या वकिलासारखी घराची बाजू मांडली. पाणी बारा महिने असतं. शेजार चांगला आहे. पत्रा दोन वर्षांमागचा आहे. मागच्या भिंतीवर हात ठेवून ती म्हणाली, "पक्की हाय." ती माझ्यासाठी खोटं बोलली. जन्मात मी तिला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग तिनं ती साडी आणून त्या बाईच्या मांडीवर ठेवली. "इहीणबाई, राग नका धरू, जमलं तसं केलं. पोरगं तापट हाय माझं, पण नेक हाय. तुमच्या लेकीला तकलीफ न्हाई होऊ देणार."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नव्या नळाकडे बघत उभा होतो. शेवटी तीच हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आमाला लेक न्हाई. दोन पोरंच हायत. आमी घर इकत घ्यायला आलोत. तुमाला सांगलं न्हाई का कोणी?"

माय माझ्याकडे बघेल, ओरडेल, मला चार शिव्या देईल, असं मला वाटलं. मी त्याची वाटच पाहत होतो. तिनं तसं काही केलं नाही. बाई साडी परत देऊ लागली तेव्हा मायनं तिचा हात मागं सारला आणि म्हणाली, "ठेवा. तुमच्यासाठीच आणली व्हती." मग म्हणाली, "ती मागची भिंत ओली हाय. वरून पुट्टी मारली हाय. पावसाळ्यात दिसंल तुमाला."

नवरा भिंतीकडे जाऊन बोटानं टोकरू लागला. भाव पडणार हे मला कळत होतं आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं.

माय त्या बाईच्या थोडी जवळ सरकली. हात जोडले नव्हते, पण आवाज तसाच होता. "बाई, घर घ्या तुमी. ती मागची खोली मला किरायानं देसान का? मी एकटीच हाय. सैपाक भाईर करीन. तुमच्या पोरांयले पाहीन."

बाईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "काहून मावशी? तुमचा पोरगा हाय की. त्याच्यासंगं न्हाई का जानार?"

"चल म्हणते तो. पर त्यानं इचारलं कुठं मला," माय म्हणाली, आणि त्या दोघांसाठी चहा ठेवायला उठली.