मातीखालचं दगडफूल

दिल्लीजवळ मानेसरच्या अलीकडे मी आणि नवऱ्याने प्लॉट घेतला तेव्हा तिथे कारखान्यांच्या पाट्या आल्या होत्या, रस्ते यायचे होते. दोघांच्या नोकरीतली सगळी पुंजी त्या तुकड्यात गेली होती. मोठ्या हौसेने मी बाबांना तो दाखवायला नेलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

प्लॉटच्या मधोमध पुरुषभर उंचीचा एक दगड उभा होता, आणि बाबा पहाडगंजच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दगडावरून हात फिरवत ते म्हणाले, "सुरुंगाची खूण कुठेच नाही, म्हणजे हल्लीच्या खाणीतला नव्हे. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी उभा पुरलेला असू शकतो गं."

तसं ठरलं तर सरकार जागा प्राचीन स्मारक म्हणून राखणार आणि आमचं घर गेलं.

"अरे मास्टरजी, पत्थर ही तो है! कल हटवा देंगे," आम्हाला प्लॉट विकणारा डीलर म्हणाला.

"खबरदार हात लावाल तर!" बाबा त्याच्यावर चक्क मराठीत ओरडले.

बाबांनी सांगितलेली परीक्षा तशी सोपी होती. दगडफूल, आपण मसाल्यात घालतो त्याच जातीचं, उघड्यावरच्या दगडालाच धरतं आणि मातीखाली गेलं की काही वर्षांत कुजून जातं. ते मातीखालीही सापडलं, तर दगड आधी कुठेतरी आडवा पडलेला आणि अलीकडेच कुणीतरी उभा केलेला. पण बाबांना मोतीबिंदू.

"मला दिसायचं नाही. तू उकर आणि दिसेल ते सांग."

काहीही दिसलं तरी 'आहे' म्हणायचं, असं ठरवूनच मी गुडघ्यांवर बसले. मातीच्या वर करड्या चकत्या होत्या. खाली बोटभर कोरा दगड. मी नखांनी उकरत राहिले. ओढणीने चिखल पुसला तेव्हा एक चकती दिसली, तिच्याखाली आणखी एक.

"आहे, बाबा! खाली आहे!"

माझा आवाज असा चिरकला की त्यांना तो खोटा वाटेल, या भीतीने मी त्यांचं बोट धरून चकतीवर टेकवलं. त्यांनी ते बराच वेळ तिथे फिरवलं, मग मटकन बांधावर बसले.

"सुटलो," ते म्हणाले.

"आणि जुना निघाला असता तर? सरकारला कळवलं असतंत?"

"कळवलं असतं."

एक क्षणही थांबले नाहीत. मी त्यांच्याकडे पाठ करून खड्ड्यात माती लोटत बसले. घर वाचलं होतं, पण आनंद होईना.