बायकोच्या मामांनी केलेली माणसांची वर्गवारी

माणूस ओळखावा तो माझ्या बायकोच्या मामांनीच, आणि तोही त्याच्याशी एक अक्षर न बोलता. जुन्या इंदुरात त्यांच्या ओट्यासमोरून गेलेला एकही इसम वर्गवारी झाल्याशिवाय सुटला नाही. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचा गुण कधी एकटा राहत नाही, आपलं अख्खं बिऱ्हाड घेऊन येतो. "जमाईजी, जो चहा फुंकून पितो तो छत्री विसरत नाही, बायकोला घाबरतो आणि गातो बेसूर. एक पकडा, बाकीचे अपने आप हाती लागतात. समझे?" मी त्या वेळी चहा फुंकतच होतो. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी जीभ भाजून घेऊ लागलो.

मामा होळकरांच्या राज्यात कारकून होते. पुढे नवा मध्य प्रदेश झाला, कचेरी भोपाळला निघाली, बरोबरीच्या लोकांनी सामान बांधलं आणि मामांनी राजीनामा दिला. "इंदूरची माणसं कशीबशी लावून झाली, आता भोपाळ पहिल्यापासून कोण करणार?" असं त्यांनी साहेबालाच विचारलं म्हणे. अंदाज चुकत नसत असं नाही. बारीक मिशीवरून 'शांत स्वभावाचा' म्हणून ठेवलेला भाडेकरू महिन्याभरात ढोल शिकायला लागला. मामांनी दोष मिशीला दिला.

त्यांची एकुलती एक मुलगी शैला. तिचा निकाल तर ती पाळण्यात असतानाच लागला होता. हळू रडते, म्हणजे हळू बोलणार. हळू बोलणारी माणसं भित्री आणि आज्ञाधारक असतात. हे ते तिच्यासमोरच कौतुकानं सांगत, आणि ती खाली मान घालून ऐके.

तिला इंदूरजवळच्या राऊ गावचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा शाळेत मास्तर होता. पोह्यांची बशी हातात येताच त्यानं आधी वरची शेव सगळी खाल्ली, मग पोह्यांकडे वळला. मामांचा चेहरा तिथंच उतरला. पाहुणे गल्लीच्या टोकाला पोचतात न पोचतात तोच ते म्हणाले, "शेव आधी खाणारा उतावळा. उतावळा म्हणजे भांडकुदळ, भांडकुदळ म्हणजे दोन वर्षांत नोकरी सोडणार. जमाईजी, नकार कळवून टाका."

मी चपला घालत होतो, तेवढ्यात शैला दारात आली.

"भाऊजी, थांबा. बाबा, मला मुलगा पसंत आहे."

आवाज नेहमीइतकाच हळू होता.

"अगं, पण शेव..."

"नंतर नरम पडते, बाबा. मलापण आधीच खावीशी वाटते."

मामी पदर तोंडाशी धरून आत पळाल्या. मामा तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी स्वतःच राऊच्या बसमध्ये बसले आणि होकार देऊन आले.

लग्नानंतर या मास्तर जावयानं नोकरी सोडली नाही, की कुणाशी भांडण केलं नाही. उलट पुढच्या वर्षी मामांना टायफॉइड झाला, तेव्हा त्यांना राऊला नेऊन महिनाभर ठेवून घेतलं, रोज दाढीसुद्धा करून दिली. मामा बरे होऊन परतल्यावर मी भेटायला गेलो. ओट्यावर बसले होते, रस्त्याकडे लक्ष नव्हतं.

"तिच्या सासूबाई वांगी करत होत्या," ते म्हणाले. "शैलासाठी दोडकं वेगळं चिरलं. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, तिला वांगं मुळीच आवडत नाही ना!"



"आमच्याकडे दर रविवारी भरली वांगी व्हायची, जमाईजी. मला आवडतात म्हणून. ताटात फोड कधी ठेवली नाही पोरीनं." मग म्हणाले, "मी कधी पूछा ही नहीं."