झाडून टाकलेली मोहफुलं

देवाचं नाव घेण्याचा मला कंटाळा आला होता, हे आधीच कबूल करते. आईचा मुदतीचा ताप तीन आठवड्यांनी उतरला, पण अन्नावरची वासना परतली नाही. पेजेचा वाडगा समोर धरला की ती भिंतीकडे तोंड फिरवी. डॉक्टर म्हणाले होते, औषधाचं काम संपलं. आता पोटात काही गेलं नाही तर ती उठणार नाही. बाबा भिलाईच्या कारखान्याच्या बांधकामावर. भोंगा झाला की निघत आणि सिमेंटच्या धुळीने पांढरे होऊन परतत. मला नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून बोलावून घेतलं होतं. इंग्रजी कविता पाठ होत्या, पेज मात्र दर वेळी करपायची. रशियन यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांचं आमचं देवघर, त्यात आईची माहेरची अन्नपूर्णा. तिच्याकडे रोज एकच मागायचं आणि वाडगा रोज तसाच उचलायचा. एका सकाळी दिवा लावला, पण मागायला शब्दच उरले नाहीत.

झाडू घेऊन मागच्या अंगणात गेले. कारखान्याची क्वार्टर्स बांधताना कसं कोण जाणे, तिथे एक जुनं मोहाचं झाड राहून गेलं होतं. चैत्रात पहाटे त्याची फुलं टपटप गळत. मला तो केर वाटे. रोज झाडून पाचोळ्याबरोबर पेटवून देई. त्या दिवशी कुंपणापाशी टोपली घेतलेली एक गावातली बाई उभी होती. परक्या माणसासमोर माझी जीभ आखडते, मी आत वळणार, तोच ती म्हणाली, “नोनी, झन बहार. अन्न आय.” पोरी, झाडू नको, अन्न आहे हे.

ती खाली बसून वेचू लागली. काय करावं न सुचून मीही बसले. फुलं गार होती, साईच्या रंगाची, रसाने टचटचीत. एक माझ्या नाकावर आपटलं. तुझ्या शाळेत हे शिकवलं नाही वाटतं, असं ती म्हणाली आणि मी हसले. किती दिवसांनी, ते मलाच आठवेना. वेचता वेचता तिने सांगितलं, आमच्या क्वार्टरच्या जागी तिचं धानाचं शेत होतं, ते कारखान्यासाठी गेलं. झाड सासऱ्याने राखलेलं. सांगताना तिचा हात थांबला नाही. मी इतके दिवस काय जाळत होते ते मला तेव्हा कळलं, आणि मी पाचोळ्यात अडकलेली फुलंही एकेक करून वेचू लागले. तिने अर्धी टोपली माझ्या ओढणीत ओतली.

फुलांचा वास आत गेला असावा. आतून आईचा आवाज आला, “मोह येचून राहिली का वं?”

मी फुलं दाखवली. आई भंडाऱ्याकडची, लहानपणी आजीबरोबर मोह वेचायला जायची. “मले कावून नाही सांगतलं? दोन भाज तव्यावर.”

त्या बाईने दारातूनच खुणेने आच मंद करायला लावली. आईने पाच-सहा फुलं सावकाश चावून खाल्ली. मग पेज मागितली, आणि करपलेली असूनही संपवली.

आई हिंडूफिरू लागायला महिना गेला. माझा थकवाही तसा लगेच सरला नाही. त्या सकाळी देवी आली होती, असं मी म्हणत नाही. पण आभार मानायला हात जोडले की ती बाईच समोर येते. शेत गेलेल्या जागेवर ती येऊन बसली, पडलेलं दोन्ही हातांनी उचललं आणि त्यातलं अर्धं मला दिलं. ‘तुझी इच्छा’ असं देवाला म्हणणं म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं. मला अजून ते मनापासून म्हणता येत नाही.