एलिमिनेटरची घूं

जळगावच्या ऑर्केस्ट्रात मी गिटार वाजवायचो. धुळ्याकडच्या खेड्यातून आलेल्या एका रेडिओ मेकॅनिकने मला एक डबा बनवून दिला होता. तो लावला की गिटारचा आवाज मस्त फाटका यायचा. सेल सारखे बदलायला नकोत म्हणून मी त्याला घरच्या विजेवर चालणारा, मीच बनवलेला एलिमिनेटर जोडला. तेव्हापासून डब्यातून सतत घूं यायला लागली.

आठवडाभर मेकॅनिक तो डबा खोलत होता. सोल्डर पुन्हा मारलं, वायरी बदलल्या, बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून आतून लावला. घूं जाईना. तालमीत सगळ्यांसमोर मी म्हणायचो, "याने आत भुंगा पाळलाय." वर त्याच्या अहिराणी 'शे'ची, म्हणजे 'आहे'ची, नक्कल करायचो. लोक हसले की मला बरं वाटायचं.

एका दुपारी घरी मी डबा टॉर्चच्या सेलवर लावून पाहिला. घूं साफ गेली. म्हणजे डबा चोख होता, खोट माझ्या एलिमिनेटरमध्ये होती. त्यात विजेची घूं गाळणारा कंडेन्सर मी भंगारातल्या रेडिओचा घातला होता आणि नवा आहे म्हणून मेकॅनिकला छातीठोक सांगितलं होतं. त्याने माझ्या शब्दावर एलिमिनेटर उघडलाच नव्हता. मी सेल काढून टाकले आणि एलिमिनेटर पुन्हा जोडून ठेवला.

पुढच्या तालमीत त्याने डबा पुन्हा खोलून पाहिला आणि माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "भाऊ, मना हातमाच खोट शे."

त्या दिवशी त्याच्या 'शे'ला कुणी हसलं नाही. मी म्हणालो, "आत्ता कळलं का?"