मामांचं कलम

उभ्या रत्नागिरीत आजवर कोणावरही हुकूम न चालवलेला पुरुष दाखवा, अशी कोणी पैज लावली तर मी डोळे मिटून माझ्या मामेसासऱ्यांना पुढे करीन. पैज जिंकणार हे नक्की. फक्त पुढे करताना 'मामा, पुढे या' असं मला सांगावं लागेल, कारण आपण होऊन कोणाच्या पैजेत ढवळाढवळ करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मी कोल्हापूरची. आमच्याकडे माया करतात तीसुद्धा दरडावून. 'गप जेव', 'गप झोप', 'गप घे ती साडी.' अशा घरातून लग्न होऊन मी इथे आले आणि पहिल्यांदा मामांकडे गेले, तेव्हा दार उघडून ते म्हणाले, "ये. पंखा आहे, खिडकी आहे, झोपाळा आहे. कुठे बसायचं ते तुझं तू बघ." आणि आत निघून गेले! मला वाटलं, काय माणूस आहे, बस म्हणायचीसुद्धा पद्धत नाही? तेवढ्यात मामी हात पुसत बाहेर आल्या. "मनावर घेऊ नकोस गो. ते सगळ्यांनाच असे मोकळे सोडतात. मी बस म्हणत्ये ना, बस."

मामा वकील. पण काळा कोट घालून कोर्टात तावातावाने बोलताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. "भांडण झाल्यावर बोलवायचे वकील वेगळे," ते सांगत, "मी भांडणाच्या आधीचा." म्हणजे ते करारपत्रं लिहीत. आंब्याची बाग मोसमापुरती द्यायची असो, मच्छीमारी नौका चालवायला द्यायची असो, लग्नातला आचारी ठरवायचा असो, कागद मामांकडून. आणि कागद कुठलाही असला तरी त्यात एक कलम ठरलेलं: 'या करारामुळे उभय पक्षांपैकी कोणीही दुसऱ्याचा मालक, नोकर, भागीदार वा मुखत्यार समजला जाणार नाही. आपले काम कसे करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्याने त्यात हुकूम, सूचना अगर ढवळाढवळ करू नये.' असं कलम जगात सगळीकडेच लिहितात म्हणे, आणि सगळीकडेच लोक ते न वाचता खाली सही ठोकतात. मामांकडे ती सोय नव्हती. ते कलम ते मोठ्याने वाचून दाखवत, मग दोन्ही पक्षांना अर्थ विचारत, आणि चुकला तर पुन्हा वाचत. बाजारात त्याला सरळ 'मामांचं कलम' म्हणत.

मिरकरवाड्यातल्या एका नौकामालकाने या कलमाखाली सही केली आणि बिचारा फसला. त्याला सवय होती नौका समुद्रात गेली की तांडेलाला, म्हणजे नौकेवरच्या मुख्याला, फोन लावून जाळं कुठे टाक, कधी ओढ ते सांगायची. घरी पलंगावर बसून! कलमामुळे फोन बंद झाला. मग हा गृहस्थ पहाटेपासून जेटीवर येरझाऱ्या घालायला लागला. शेवटी मामांकडे येऊन म्हणाला, "वकीलसाहेब, नुसतं विचारलं तरी गुन्हा काय?" मामा म्हणाले, "काय मिळालं ते विचार. कसं धरलं ते विचारू नकोस. 'काय' तुझं, 'कसं' त्याचं." मामांची सगळी वकिली या एका वाक्यात मावते असं मला वाटतं. आमच्या नात्यातल्या एका लग्नात तर आचाऱ्याच्या करारात त्यांनी यजमानाला चुलीजवळ फिरकायची बंदी घातली होती. मुलीचे वडील मांडवातून मान उंच करकरून बघत होते आणि मामा त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून पहारा देत होते. खरं सांगायचं तर आमटीत मीठ कमीच होतं. पण आचारी आपण होऊन पानापानाशी जाऊन मीठ वाढत होता आणि प्रत्येकाला 'माझं चुकलं' म्हणत होता. मामा मला म्हणाले, "बघितलंस? कोणी चुलीशी जाऊन सूचना दिल्या असत्या तर हा म्हणाला असता, यजमानांनीच सांगितलं होतं कमी टाकायला."

हे सगळं कागदावर राहिलं असतं तर मी त्यांना हुशार वकील म्हणून सोडून दिलं असतं. पण मामांनी ते कलम स्वतःला लावून घेतलं होतं. रिक्षात बसले की कुठे जायचं तेवढं सांगत. डावीकडे घे, उजवीकडे घे असं चुकून बोलत नसत. एकदा नवा रिक्षावाला त्यांना कोर्टात न्यायच्या ऐवजी थेट भगवती बंदरावर घेऊन गेला. मामा तिथे उतरून दहा मिनिटं समुद्र बघत उभे राहिले, मग पुन्हा रिक्षात बसून म्हणाले, "छान. आता कोर्ट." न्हाव्याने 'कसे कापू?' विचारलं की यांचं उत्तर, 'तो तुझा प्रश्न.' त्या न्हाव्याचा भाऊ नुकताच मुंबईहून नवीन फॅशन शिकून आला होता. मामा माझ्या नणंदेच्या साखरपुड्याला दोन्ही कानांवरून सफाचट आणि वर तुरा अशा अवतारात आले. मामींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, काय हे डोकं!" मामा शांतपणे म्हणाले, "डोकं माझं. कापणं त्याचं." मुलगा दहावी झाल्यावर 'बाबा, सायन्स घेऊ का आर्ट्स?' म्हणून विचारायला आला, तर दोन्ही बाजू इतक्या चोख मांडल्या की पोरगं आणखीच गोंधळलं, आणि हे उठून आंघोळीला गेले. तो आता मुंबईत नाटकांच्या प्रकाशयोजना करतो. नातेवाईक अजून हळहळतात. मामा मात्र त्याचं प्रत्येक नाटक बघतात आणि नाटकात काय झालं ते विचारलं तर सांगतात, "दुसऱ्या अंकात निळा उजेड फार सुंदर होता."

हसू येतं खरं, पण या माणसाचा मला आधार वाटत आला आहे. मी शाळेत नोकरी धरली तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी आपल्या भावाला, म्हणजे मामांना, मुद्दाम बोलावून घेतलं, की तू शिकलेला, तू समजाव हिला. मामांनी चहा घेतला आणि विचारलं, "घरचं काम अडतंय का?" सासूबाई म्हणाल्या, "तसं नाही अडत." "मग तिने दिवस कसा घालवावा हे तू का ठरवत्येस?" एवढंच बोलून बशी खाली ठेवली. माझ्या माहेरच्या कोणीही माझ्यासाठी इतकं केलं नसतं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यावर कसलेही तुरे उगवले तरी मी हसत नाही. म्हणजे, त्यांच्यासमोर हसत नाही.

आणि मग गेल्या वर्षी मामींनी सगळ्यांना चकित केलं. त्यांचं माहेर देवरुखचं. तिथलं घर भावाच्या नावावर. भाऊ कुटुंबासह मुंबईत, त्यामुळे घराला कुलूप. मामींनी जाहीर केलं की त्या घरात त्या कॉलेजच्या मुलींसाठी खानावळ काढणार. स्वतः तिथे राहून! साठी उलटून गेलेली बाई नवऱ्याला रत्नागिरीत ठेवून देवरुखला बिऱ्हाड थाटणार म्हटल्यावर नातेवाइकांना जेवण गोड लागेना. सगळ्यांचे डोळे मामांकडे. मामा म्हणाले, "तिने ठरवलं आहे ना? मग करार नीट करू."

करार मामी आणि त्यांचा भाऊ यांच्यात. भाऊ मुद्दाम मुंबईहून आला होता आणि मी चहा करायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होते. भाऊ म्हणाला, "भावोजी, माझी घर द्यायला हरकत नाही. फक्त मोठे निर्णय तुमच्या संमतीने होतील, एवढं एक वाक्य घाला. म्हणजे मला घोर नाही." मामांनी चष्मा काढला. "खानावळ कोणाची?" "हिची." "मग संमती माझी कशाला? मला साधी कढी करता येत नाही." भाऊ म्हणाला, "अहो, पण तुम्ही नवरे ना तिचे!" त्यावर मामांनी पुन्हा चष्मा चढवला, पेन उचललं आणि भावाला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं वाक्य लिहून काढलं: 'लिहून घेणार हिचे पती यांचा सदर खानावळीवर कोणत्याही प्रकारचा ताबा, अधिकार अगर देखरेख राहणार नाही.' आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचूनही दाखवलं. मला तर शिट्टी मारावीशी वाटली! असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. भावाने कागद ओढून सही केली. मामींनी मान खाली घालून सही केली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी मागोमाग गेले, कौतुक करायला. तर मामी भांडी आपटत होत्या. "मामी, अहो, केवढं मोठं मन मामांचं!" असं मी म्हणाले मात्र, त्या गर्रकन वळल्या. डोळे भरलेले. "मोठं मन! मला मोकळं केलं गो त्यांनी, अगदी कागदावर. पण जाऊ नको म्हणून एकदा तरी म्हणावं की नाही माणसाने? इतकी वर्षं संसार केला, मी गेले काय नि राहिले काय, ह्यांना सारखंच!" आम्ही सगळे ज्याच्यावर टाळ्या वाजवत होतो, ते या बाईला आत कुठेतरी टोचत होतं. मी मामांना गाठलं. "मामा, एक वाक्य बोला हो. जाऊ नको म्हणू नका हवं तर, पण बरं वाटत नाही एवढं तरी म्हणा." मामा खिडकीकडे बघत म्हणाले, "ते माझ्याने होणार नाही." मला इतका राग आला! म्हटलं, तत्त्व तत्त्व म्हणून माणसाने दगड व्हायचं?

मामी गेल्या. खानावळ सुरू झाली. आणि इकडे मामांची रया गेली. कोळीण दारात येऊन तिच्या मनाला येईल ती मासळी टोपलीतून काढून देई, हे घेत, आणि मग त्या मासळीचं करायचं काय ते न कळून शेजारी देऊन टाकत. पॅंट कमरेवर राहीना, पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं. मामी संध्याकाळी फोन करून 'जेवलात का' विचारत, हे 'जेवलो' म्हणत, झालं. आपण होऊन मात्र कधी फोन लावत नसत. "तिची कामाची वेळ असते," म्हणे, "मध्येच वाजला तर ढवळाढवळ व्हायची." आणि हे सांगताना फोन मांडीवर. माझा नवरा म्हणे, मामा मजेत आहेत. मजेत कसले, डोंबल! एका रविवारी मी गेले आणि सरळ कोल्हापुरी बाण्याने म्हटलं, "मामा, उठा. शर्ट बदला. देवरुखला जायचंय." मला वाटलं, आता कलम ऐकवतील. पण ते उठले, आणि नवा शर्ट घालून माझ्या आधी स्टॅंडवर जायच्या रिक्षात जाऊन बसले.

देवरुखला पोचलो तर पंगत बसली होती. मामी मला ओळखू येईनात. पदर खोचलेला, आवाज चढलेला. "ए, पानात टाकायचं नाही हां! तू, ताक घे. आणि तू मेल्ये, पुन्हा फोन बघत जेवलीस तर बघ." मुली खिदळत होत्या आणि मुकाट्याने ताक घेत होत्या. आम्हाला बघून मामी क्षणभर थांबल्या, आणि मग मामांनाही तशाच म्हणाल्या, "हातपाय धुवा नि बसा." मामा मुलींच्या ओळीत जाऊन बसले. कुळथाचं पिठलं आणि भात त्यांनी तीनदा मागून घेतला. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून चुलीशी वावरणाऱ्या मामींकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना कशाकडेही असं बघताना पाहिलं नव्हतं.

परतीच्या एस्टीला सोडायला मामी स्टॅंडवर आल्या, रात्रीच्या भाताची घाई असूनही. मामा खिडकीशी बसले. मामी खाली, खिडकीच्या गजाला धरून. कंडक्टर आत चढला, तशी मामा अचानक पुढे वाकले.

"अगो," ते म्हणाले, "त्या दिवशी जाऊ नको म्हणायचं होतं मला. ओठावर आलं होतं."

मामी एकदम चिडून म्हणाल्या, "मग म्हणायचं होतंत! मी वाट बघत होत्ये."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"राहिले असते."

"म्हणून नाही म्हटलं."

घंटी वाजली. मामींनी गज सोडला नाही. गाडी मागे सरायला लागली तशा त्याही बरोबर चार पावलं चालल्या, आणि कोणीतरी 'आजी, बाजूला' म्हणून ओरडलं तेव्हा कुठे हात सुटला. पदर डोळ्यांना लावून त्या तिथेच उभ्या राहिल्या, गाडी वळेपर्यंत. मामा रत्नागिरीजवळचं हातखंबा येईपर्यंत बाहेर बघत होते. मी त्यांच्या शेजारी बसून होते आणि मनातल्या मनात, ज्या माणसाला मी दगड म्हटलं होतं त्याच्या पाया पडत होते.

मामी अजून देवरुखलाच आहेत. यंदा मुली वाढल्या, पंगती दोन कराव्या लागतात असं ऐकते. मामा रत्नागिरीतच आहेत, एकटे. संध्याकाळचा फोन हल्ली ते स्वतः लावतात, आणि मामींनी उचलला की पहिलं वाक्य एवढंच असतं, "मला करमत नाही, बाकी काही नाही."