माझी बक्षीसपात्र मिरगी

मिरगीचा झटका कसा येतो हे सबंध वर्ध्यात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तिला आधारही होता. त्या झटक्यासाठी मला कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत अभिनयाचं दुसरं बक्षीस मिळालं होतं. मी खलनायक होतो आणि तिसऱ्या अंकात मला झटका येऊन मरायचं होतं. गालात खायचा सोडा, वर लिंबाची फोड. फेस असा आला की पहिल्या रांगेने खुर्च्या मागे घेतल्या. डोळे फिरवले, जीभ चावली आणि मरायला इतका वेळ लावला की पडदा ओढणाऱ्याने विंगेतून दोनदा विचारलं, "झालं का?"

ही कला घरात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पडली, आणि भलतीच पडली.

माझी धाकटी बहीण सेलूला दिली आहे. तिची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज बसने वर्ध्याला येणारी. एका दुपारी ती घरी ओट्याजवळ कोसळली आणि हातपाय झाडू लागली. बहिणीचा फोन आला तेव्हा मी सिंदी मेघेला शाळेच्या ऑफिसात फायली बांधत होतो. मोटारसायकल हाणत सेलूला पोचलो, तर भाची खाटेवर बसून चहा पीत होती.

तरी डॉक्टरांकडे बोललो मीच. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. बहीण वाक्य सुरू करते, संपवतो मी. फेस, फिरलेले डोळे, चावलेली जीभ, मी काहीही कमी पडू दिलं नाही. डॉक्टरांनी मिरगीच्या गोळ्या लिहून दिल्या.

वर्षभरात झटके वाढले आणि गोळ्या दुप्पट झाल्या. पोरगी वर्गात बसल्या बसल्या पेंगू लागली. प्रयोगशाळेत बर्नर, काच, ॲसिड. तिथे पडली तर? जवाईबापूंनी, म्हणजे भाचीच्या वडिलांनी, कॉलेज बंद करायचं ठरवलं. भाचीने एवढंच मागून घेतलं की एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवा, मग तुम्ही म्हणाल तसं. म्हणून वर्ध्याला भरती केलं.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. खाटेशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "झटका नेमका कसा दिसतो, सांगा."

"सांगतो कशाला," मी म्हणालो, "दाखवतोच."

शेजारची खाट रिकामी होती. चष्मा बहिणीकडे दिला आणि आडवा झालो. सोडा-लिंबू नव्हतं, पण बाकी जीव ओतला. पलीकडचे आजोबा सलाईनचा हात सांभाळत उठून बसले. एका बाईने पदराने नातवाचे डोळे झाकले. मी उठलो तेव्हा वॉर्ड चिडीचूप होता. असा प्रेक्षक नाट्यगृहात मिळत नाही.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "पहिला झटका आला तेव्हा तुम्ही कुठे होतात, काका?"

"तिथंच."

"तिथं म्हणजे?"

"सिंदी मेघेले," बहीण म्हणाली. माझं वाक्य तिने संपवायची ती पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी स्टूल तिच्याकडे वळवलं. "ताई, तुम्ही काय पाहिलं?"

"डोये मिटून होते, गच्च. मान अशी इकडं-तिकडं. मधात थांबे, मंग पुन्हा सुरू. पंधरा-वीस मिन्टं तरी चाललं. रडून राह्यली होती. फेस मी नाई पाह्यला. जीभ बी नाई चावली."

"मंग तवा बोलली काऊन नाई तू?" मी विचारलं.

"तू बोलून राह्यला होता ना, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला भाचीला झटका आला. माझी प्रतिक्रिया तयार होती: पायातला बूट काढला आणि तिच्या नाकाला लावला. डॉक्टर आल्या. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. तिला कुशीवर वळवलं, घड्याळ पाहिलं, एक पापणी हलकेच उघडू गेल्या. पापणी घट्ट मिटून राहिली. मान "नाही, नाही" म्हणावं तशी हलत होती. हातपाय थांबत, पुन्हा सुरू होत. डॉक्टर तिच्या कानाशी हळू बोलत राहिल्या, "मी इथंच आहे. घाबरू नको. होईल शांत." बऱ्याच वेळाने ती शांत झाली. डोळे उघडले, ओले होते.

"मम्मी," ती म्हणाली, "मामाले म्हण ना, बूट घाल. कवाचा वास येऊन राह्यला."

डॉक्टरांनी चटकन मान वर केली. "तुला वास कळत होता?"

"कळत होता ना. पण हात हलवून बाजूला नाई करता येत."

मिरगीच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे राहतात, माणूस त्यातून बाहेर येतो तो गोंधळलेला, आणि मधलं त्याला काही आठवत नाही, असं त्यांनी सांगितलं. पण एवढ्यावर निकाल देणार नाही, असंही म्हणाल्या. डोक्याला तारा लावून आणि समोर कॅमेरा ठेवून तपासणी झाली. त्यातही एक झटका आला. शरीर हलत होतं, पण मिरगीत उमटते तशी खूण मेंदूच्या आलेखात नव्हती. मिरगी नव्हतीच.

"म्हणजे नाटक करते?" जवाईबापूंचा चेहरा बदलला. भाचीने भिंतीकडे तोंड केलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नाटक परवा काकांनी केलं. हिला झटके खरेच येतात, ही मुद्दाम आणत नाही. फक्त मिरगीचे नाहीत, म्हणून मिरगीच्या गोळ्यांनी थांबत नाहीत. गोळ्या हळूहळू कमी करू. समुपदेशन लागेल, वेळ लागेल. आणि कॉलेज बंद करू नका."

जवाईबापूंनी भाचीच्या पिशवीतून तिची प्रयोगवही काढून उशाशी ठेवली. मी बुटाची नाडी बांधायला घेतली. एका साध्या नाडीला इतका वेळ लागू शकतो हे मला माहीत नव्हतं.

पुढे दर आठवड्याला ती समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे जाऊ लागली. आत काय बोलते हे कुणी विचारायचं नाही, असं ठरलं. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षा फार जड होती, पण भोगली. झटके विरळ झाले, पेंगणं गेलं.

शेवटची गोळी बंद करायच्या दिवशी मीही सोबत गेलो. दोन वाजता भाचीचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून पांढरा कोट हातावर टाकूनच ती आली होती. महिन्यात एकच झटका आला, किती मिनिटं, डोळे कसे, सगळं बहिणीने सांगितलं. मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "काका, तुम्हाला काही सांगायचंय?"

भाची, बहीण, दोघी माझ्याकडे बघू लागल्या. भाचीने तर कोट छातीशी धरला.

"मी तिथं नव्हतो," मी म्हणालो.

इतकं छोटं वाक्य मी रंगमंचावरही कधी घेतलेलं नाही.