वरची बारा पानं

माझा दीर टेकचंद कोहमारा गावच्या चौकात पंक्चर काढतो. लग्न केलं नाही. दारू नाही, खर्रा नाही. एकच खूळ, ऑइलच्या कापलेल्या डब्यांत जाड पानांची झाडं लावायची. तो त्यांना सक्युलंट म्हणतो. मला ती कमळंच वाटतात, पानावर पान, गोल गोल. "याची भाजी तरी होते का रे?" मी चिडवायची. "नाही होत वहिनी, म्हणून तर तुह्यापासून वाचून राहिली," तो म्हणायचा.

दोन जातींच्या फुलांचे पराग बारीक ब्रशनं इकडचे तिकडं लावत तो पाच वर्षं बसला. शंभरेक रोपं उगवली आणि मेली. एकच असं निघालं की वांग्याच्या सालीवर राख फुंकावी तसा रंग! असं दुसरं कुठंच नाही, म्हणायचा. त्याचं बी पेरून पुन्हा तेच येत नाही, पण एक पान मातीवर ठेवलं तरी तेच उगवतं. "आता लहान आहे. दसरा होऊ दे, मंग पानं काढीन."

दसऱ्याआधीच त्याचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. गोंदियाला जाताना त्यानं डबा माझ्या हातात दिला. "वहिनी, पंधरा दिवसांत एकदा, कपभर पाणी. पानं पुसजो नको, ती राख त्याचीच आहे."

मी धानवाली बाई! तीस वर्षं चिखलात रोपं लावत रोवणा केला, माझ्या हातचे पऱ्हे कधी मेले नाहीत. आणि हा पंक्चरवाला मला पाणी शिकवतो? पहिल्याच दिवशी ओल्या फडक्यानं ती राख पुसून झाड चकचकीत केलं. पाणी घातलं तर डब्याच्या बुडातून गळायला लागलं. शेतातल्या बांधीच्या धुऱ्याला भोक पडून पाणी गळलं की आम्ही चिखल थापतो. इथंही थापला. पाणी डब्यात उभं राहिलं तेव्हा मला केवढं समाधान वाटलं! मग रोज भरत गेले.

आठव्या दिवशी खालची पानं पिवळी, पाणचट झाली. मी आणखी पाणी घातलं. बाराव्या दिवशी बोट लावलं तर बुडाचा लगदा आणि घाण वास. अख्खं झाड उपटून उकिरड्यावर फेकलं आणि डबा घासून उपडा घातला.

टेकचंद आला आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यानं झाडाचं विचारलं. "शेळीनं खाल्लं," मी त्याच्याकडे न बघता म्हटलं.

तो रागावला नाही. "शेळी सांडत खाते वहिनी. एखादं पान पडलं असन." आणि नुकतेच टाके काढलेला तो माणूस गुडघ्यांवर बसून पान शोधायला लागला. खाटेखाली, गोठ्यात, तुळशीमागं. मी चोरून उकिरड्यावर जाऊन आले. त्यावर दहा पाट्या शेण पडलेलं. हात घालून पाहिलं, काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो पोट धरून कण्हत गोठ्यातून उठला, तेव्हा मला राहवलं नाही.

"नको शोधू रे. शेळीनं नाही, मीच सडवलं. पाणी घालून घालून."

त्यानं हळूच विचारलं, "फेकलं तवा वरची पानं घट्ट होती का?"

"नाही," मी म्हटलं. "सारंच सडलं होतं."

त्यानं सुस्कारा सोडला. "मंग तू तरी काय करशीन," म्हणाला आणि वरून मलाच चहा करून दिला.

आता तो पुन्हा ब्रश घेऊन बसतो. पन्नाशी उलटली आहे त्याची. आल्यागेल्याला सांगतो, दुसरी असती तर लपवलं असतं, आमच्या वहिनीनं खरं सांगितलं. ते ऐकलं की जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं वाटतं. वरची पानं घट्ट होती. मी त्यांनाच धरून झाड उपटलं होतं. बारा तरी असतील.